मधल्या मामांची चेष्टा

जगात डावे असतात, उजवे असतात आणि उरलेल्या सगळ्या जागेत माझ्या बायकोचे मामा असतात. इतका ठार मधला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. उभं आयुष्य कोलकात्यात काढलेल्या या गृहस्थांनी कोणत्याही भांडणात कोणाचीही बाजू घेतलेली नाही आणि तरीही आमच्या मराठी मंडळातलं एकही भांडण त्यांच्याशिवाय पार पडलेलं नाही. लग्नानंतर मला न्यू टाउनमधल्या एका कंपनीत नोकरी लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तिथे माझा भाऊ आहे, तुम्ही निर्धास्त जा." हा भाऊ आम्हाला हावडा स्टेशनवर घ्यायला आला, गळ्यात मफलर गुंडाळून, भर एप्रिलमध्ये. टॅक्सीत आम्ही दोघं दोन खिडक्यांशी बसलो. ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी होती, पण मामा ती सोडून आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसले. "मधून दोन्हीकडचं दिसतं," ते म्हणाले, आणि बागबाजार येईपर्यंत आम्ही नवे नवरा-बायको एकमेकांशी मामांच्या मफलरवरून बोलत होतो.

बागबाजारात त्यांचं घर आहे त्याच बाजूला मराठ्यांच्या भीतीने खणलेला जुना खंदक सुरू व्हायचा. खंदक कधीच बुजला, मराठ्यांची भीतीही गेली, पण गल्लीतले लोक मामांना अजून लाडाने 'बर्गीबाबू' म्हणतात. घोड्यावर बसून लुटायला येणाऱ्या मराठ्यांचं ते बंगाली नाव या माणसाला चिकटावं हा मोठाच विनोद आहे, कारण मामांनी आयुष्यात कोणाची छत्रीसुद्धा चुकून उचललेली नाही. समोरचे घोषबाबू त्यांना हटकून विचारायचे, "बर्गीबाबू, आपण खंदकाच्या आतले की बाहेरचे?" मामा गंभीरपणे सांगायचे, "मी खंदकातला." हे उत्तर गल्लीला इतकं आवडलं की नव्या भाडेकरूंना ते मुद्दाम आणून ऐकवलं जाई.

जेवणातही तेच. बंगालमध्ये राहून मासे खायचे नाहीत हा शेजाऱ्यांचा अपमान आणि खायचे हा घरच्या देव्हाऱ्याचा. मामांनी तोडगा काढला. ते माशाचा रस्सा खातात, मासा खात नाहीत. घोषबाबूंच्या घरी बारशापासून लग्नापर्यंत मामांसाठी एक वाटी वेगळी यायची, नुसता रस्सा, त्यात मोहरीचा वास आणि बुडाशी एक एकाकी बटाटा. मामी म्हणायच्या, "अहो, पाप तर लागलंच, मग मासा तरी खा!" शहरातल्या दोन जुन्या फुटबॉल क्लबांचा सामना असला की सगळं कोलकाता दुभंगतं, घराघरांत बापलेक बोलेनासे होतात. मामा मात्र बरोबरी व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसतात. एकदा खरंच बरोबरी झाली. मामांनी गल्लीभर संदेश, म्हणजे बंगाली पेढे, वाटले. दोन्हीकडच्या लोकांनी ते सुतकी चेहऱ्याने खाल्ले.

या मधलेपणाला शास्त्राची जोड मिळाली ती चंदननगरात. नोकरीत असताना त्यांची तिथे बदली झाली होती. नदीकाठचं हे गाव एके काळी फ्रेंचांचं, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या बंगाली मास्तरांनी मामांना हौसेने फ्रेंच शिकवलं. मास्तर गेले, बदली संपली, फ्रेंच राहिलं. तेव्हापासून मामा रोज सकाळी फ्रान्सच्या बातम्या मोठ्याने वाचतात आणि त्या बातम्यांतच त्यांना आपलं दैवत भेटलं. तिथला एक मध्यममार्गी पुढारी. त्याचं नाव मी लिहिलं असतं, पण फ्रेंच नावात जितकी अक्षरं लिहायची त्याच्या निम्मीच बोलायची असतात आणि ती निम्मी कोणती हे मला अजून उमगलेलं नाही. या पुढाऱ्याची कारकीर्द मामांनी मला इतक्या वेळा ऐकवली आहे की तो आमच्या नात्यातलाच कोणी वाटतो. तो निवडणुकीला उभा राहतो, पडतो, घरी जातो, पुन्हा उभा राहतो. डावे त्याला उजवा म्हणतात, उजवे डावा म्हणतात, व्यंगचित्रकार त्याला कुंपणावर बसवतात. "पण सरकार अडलं की बोलावणं कोणाला जातं?" मामा टेबलावर थाप मारून विचारायचे. "त्यालाच!" मला मनातून शंका आहे की हा एक माणूस नसून दोन-तीन वेगवेगळ्या फ्रेंच पुढाऱ्यांना मामांनी आपल्या सोयीने एकत्र शिवलेलं आहे. तसं मी बोललो नाही. दैवताच्या मूर्तीचे टाके कोणी मोजत नाही.

एप्रिलमधला तो मफलर याच भक्तीतून आलेला. मामांच्या मते मधल्या माणसाला आपली प्रतिमा फार सांभाळावी लागते, कारण टोकाची माणसं आरडाओरड्यानेही लक्षात राहतात. म्हणून सभेला मफलर, बोलण्यापूर्वी चष्मा पुसणं, आणि ग्रुप फोटोत अगदी मधोमध उभं राहणं. "हा मिरवण्याचा प्रश्न नाही, विचारसरणीचा आहे," असं ते लोकांना कोपराने बाजूला सारत सांगत. आपल्या दैवताप्रमाणे तेही मंडळाच्या अध्यक्षपदाला पुन्हा पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पुन्हा पडले. सगळे म्हणायचे, मामांसारखा माणूस नाही, आणि मत आपापल्या माणसाला द्यायचे. निकालानंतर जिंकलेले आणि हरलेले दोघेही मामांकडेच चहाला जमत. मामा हसून कप भरत. एकदा मात्र मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर ते ओट्याशी पाठमोरे उभे होते, मफलर काढून हातात धरलेला. "एकदा तरी व्हायला हवं होतं रे," इतकंच म्हणाले आणि ट्रे उचलून बाहेर गेले. त्यांना ते अध्यक्षपद किती हवं होतं हे मला तेव्हा कळलं.

आणि मग मंडळ फुटायची वेळ आली. निमित्त गणपतीचं. जुनी मंडळी म्हणत, गणपती बागबाजारच्या बाजूलाच बसणार, पूर्वीपासून बसतो तसा. न्यू टाउनची तरुण मंडळी म्हणत, तासभर ट्रॅफिकमध्ये बसून आरतीला पोचायचं तर आरती संपलेलीच असते, तेव्हा आम्ही आमचा वेगळा बसवू. जुन्यांचे पुढारी होते आमचे खजिनदार, पुण्याहून बँकेच्या बदलीवर नुकतेच आलेले तरी जुन्यांहून जुने, अतिशय शुद्ध बोलणारे आणि तितक्याच शुद्धपणे रागावणारे गृहस्थ. तरुणांची पुढारी होती सुरभी. जन्मापासून कोलकात्यात वाढलेली, मराठी बोलायची पण तिला बंगालीची फोडणी घालून. शनिवारी खजिनदार मामांकडे आले आणि म्हणाले, "मामा, वेगळे झालो तर आमचे अध्यक्ष तुम्ही." रविवारी सुरभी आली. "मामा, तुम्ही आमचे प्रेसिडेंट होणार. नाही म्हटलं तर मी रागावणार." जन्मभर एकही अध्यक्षपद न मिळालेल्या माणसापुढे दोन दिवसांत दोन अध्यक्षपदं येऊन उभी राहिली. अट एकच, मंडळ मोडायला हवं. मामी मला म्हणाल्या, "हे मामा आहेतच, आता दोघं मिळून यांचा मामा करतायत." मामांनी त्या आठवड्यात फ्रान्सच्या बातम्या मनातल्या मनात वाचल्या.

शेवटच्या सभेला दोन्ही गट भिंतींना टेकून समोरासमोर बसले होते. मामा मधल्या मोकळ्या जागेत उभे राहिले. चष्मा पुसला नाही. "दोन्हीकडचं अध्यक्षपद मला नको," ते म्हणाले. "मध्ये उभं राहायचं तर दोन्ही बाजू एका घरात लागतात. तुम्ही दोन घरं केलीत तर मी काय रस्त्यात उभा राहू?" त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "गेले किती दिवस मी तुम्हाला एकत्र आणायची चेष्टा करतोय! इतकी चेष्टा मी जन्मात कधी केली नव्हती!"

खजिनदार ताडकन उठले. "चेष्टा? म्हणजे इतके दिवस तुम्ही आमची चेष्टा करत होता? मामा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती!" त्यांनी छत्री उचलली आणि दाराकडे वळले. त्यांच्या मागे आणखी चौघं उठले. आपण काय वावगं बोललो हे मामांना कळेचना.

"ओ काका, थांबा ना!" सुरभी धावत दाराशी गेली. "चेष्टा म्हणजे ट्राय! प्रयत्न! बंगालीत तसंच म्हणतात. मामा प्रयत्न करत होते!" मग ती गोंधळली. "मराठीत चेष्टा म्हणजे काय असतं?"

"थट्टा," खजिनदार म्हणाले.

"अय्या! मी तर ऑफिसातल्या मराठी बॉसला रोज सांगते, सर, मी तुमच्यासाठी खूप चेष्टा करते!"

आधी मामी हसल्या. मग एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे हसू असं काही पसरलं की खजिनदारांना छत्रीवर टेकून उभं राहावं लागलं. इतकं एकत्र हसल्यावर वेगळं व्हायला कोणाला तोंड उरलं नाही. गणपती शेवटी उलटाडांग्याजवळच्या एका हॉलमध्ये बसला. हॉल दोन्ही गटांना सारखाच लांब होता, सारखाच गैरसोयीचा होता आणि पंखे सारखेच बंद होते. मामांना तो फार आवडला. त्याच गणपतीत ते एकमताने अध्यक्ष झाले. आभार मानताना सुरभी मुद्दाम म्हणाली, "मामांनी आमची फार चेष्टा केली," आणि सर्वांत मोठ्याने खजिनदार हसले. मामा मफलरने डोळे पुसत होते. त्या दिवशी मला कळलं, त्याचा तोही एक उपयोग होता.

यंदा मामा-मामी पुण्याला लेकीकडे राहायला गेले. गुडघे थकले, बागबाजारचे जिने चढवेनात. घोषबाबूंनी निरोपाला ती रश्श्याची वाटी आणली आणि मामांनी, इतक्या वर्षांत प्रथमच, त्यातला बटाटा त्यांना अर्धा दिला. परवा विसर्जनाआधी आमचा ग्रुप फोटो होता. फोटोवाला सारखा ओरडत होता, सरका, मध्ये फार जागा राहिलीय. कोणी सरकलं नाही. न्यू टाउनवाले सरकले नाहीत आणि बागबाजारवालेही नाहीत. घरी येऊन मी तो फोटो मामांना पाठवला आणि फोन लावला. मामी म्हणाल्या, तिथल्या सोसायटीतही पार्किंगवरून दोन तट पडलेत आणि हे मध्ये जाऊन उभे आहेत. मग मामा फोनवर आले.

"मामा, पुढच्या गणपतीला याल ना?" मी विचारलं.

"चेष्टा करतो," मामा म्हणाले.

कुठल्या भाषेत, ते मी विचारलं नाही.