सावलीत वाळवलेले कृमी

त्या उन्हाळ्यात मी कॉलेजचा मायक्रोस्कोप प्रतापनगरच्या घरी आणला होता. सोबत मातीतले, बुरशीवर जगणारे सूत्रकृमी. डोळ्यांना दिसतही नाहीत एवढे. ओल संपली की ते वेटोळं घालून पार वाळून जातात आणि महिन्यांनी पाणी मिळालं की पुन्हा वळवळू लागतात. मला ते लगेच बघायचं होतं. कृमींचा थेंब काचेवर घेतला, काच गच्चीवरच्या उन्हात ठेवली, पाच मिनिटांत सुकवली, पाणी घातलं. सगळे मेलेले. दुसऱ्यांदाही तेच. मी काच आपटली.

आई उडदाचे पापड लाटत होती. "काहून घाई करून राहिली वं? पापड उन्हात टाकला तं फाटते. सावलीत वाळव."

खरंच की! वाळण्याआधी कृमींच्या शरीराला तयारी करायला वेळ लागतो. मग नवे कृमी घेतले आणि डब्यात ओलं फडकं घालून त्यांना तीन दिवस हळूहळू सुकू दिलं. मी सारखी झाकण उघडायची. शेवटी आईनं डबाच लपवला.

चौथ्या दिवशी तिनं डबा परत दिला. मी पाण्याचा थेंब टाकला आणि घरभर येरझारा घातल्या. तासाभरानं एक वेटोळं हललं. आईनं डोळा लावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तो तं उलगडला वं. तू कधी निवांत होशीन?"