ढिला रोल

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमचा प्रोजेक्ट म्हणजे प्लास्टिकची एक छोटी पट्टी होती. तिच्यावर केसाएवढ्या बारीक नाल्या. एका टोकाला दुधाचा थेंब ठेवला की तो आपोआप नालीतून पुढे जाऊन रसायनाला भिडायचा. दुधात युरिया असेल तर पिवळा रंग यायचा. एकेक पट्टी दाबून करणं परवडणारं नव्हतं. म्हणून फिल्मच्या अख्ख्या रोलवर तापलेल्या कोरीव रुळानं नाल्या उठवायच्या, असं मी कॉलेजला लिहून दिलं होतं. परीक्षकांसमोर थेंब पुढे सरकला नाही तर वर्ष जाणार होतं. घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि आमच्या वडगावात वडील मला आधीच इंजिनिअर म्हणायला लागले होते.

शिरोलीच्या एमआयडीसीत दुधाच्या पिशव्यांची फिल्म छापणाऱ्या एका कारखान्यानं सुट्टीच्या दोन दिवसांसाठी मशीन वापरू दिलं. तिथल्या ऑपरेटर काकांनी रोल गुंडाळला तो दगडासारखा घट्ट. तो त्यांचा अभिमान होता; रोलवर अंगठा दाबून दाखवायचे. नाल्या स्वच्छ उठल्या होत्या. मी समाधानानं घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात येऊन रोल उलगडला. वरच्या वेढ्यांवर नाल्या होत्या, आत सगळं सपाट.

"इंजनेर, नाल्या कुठं गेल्या? नगरपालिकेनं बुजवल्या व्हय?" काका म्हणाले.

फिल्म गरम असतानाच घट्ट गुंडाळल्यामुळे नाल्या दबल्या होत्या, हे माझ्या लक्षात आलं. पण काकांना कसं सांगावं कळेना.

"काका, फिल्म गार होऊ दिली... आणि रोल जरा ढिला गुंडाळला तर?"

"ढिला? आजवर ढिला रोल सोडला न्हाय मी."

"माझं वर्ष जाईल, काका."

काका मशीनकडे वळले. मशीनचा वेग कमी केला, फिल्मचा ताण उतरवला. नवा रोल निघाल्यावर त्याच्या पुठ्ठ्यावर मार्करनं मोठ्या अक्षरांत 'कॉलेजचा' असं लिहिलं.

"न्हायतर मालकाला वाटंल माझाच हाय."

परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी मुद्दाम रोलच्या अगदी आतला तुकडा कापायला लावला. युरिया घातलेल्या दुधाचा थेंब मी ठेवला. पहिल्या वळणावर तो थांबला. मग हळूच सरकला, आणि टोकाला पिवळा झाला. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

निकाल लागल्यावर उरलेला रोल घेऊन कारखान्यात गेलो. काकांनी आधी त्यावर अंगठा दाबून बघितला.

"पास?"

"व्हय."

"ढिलाच हाय की पण," म्हणाले, आणि तो रोल त्यांच्या रोलांपासून लांब नेऊन ठेवला.