महादेवीमावशींचा ब्लाउज

मैत्रिणींनो, आज दुपारी दुकानात जे घडलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नवी पेठेत माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. लग्नसराईत कापडांचा ढीग लागतो. मग जी बाई जास्त ओरडते, तिचं काम मी आधी घेते.

वळसंगच्या महादेवीमावशींनी दीड महिन्यापूर्वी ब्लाउजपीस दिला होता, लेकीनं पहिल्या पगारातून घेतलेल्या साडीवरचा. त्या दोनदा येऊन गेल्या. दुकानातली गर्दी बघून स्वतःच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे पोरी, लई काम हाय की तुला. मला काय घाई न्हाय."

आणि मी त्यांचा पीस आणखी खाली सरकवला.

आज त्यांची लेक आली. ती चिडली असेल म्हणून मी आधीच बोलून टाकलं, "उद्या नक्की देते गं."

ती म्हणाली, "आई गेली, ताई. आठ दिवस झाले. झोपेतच गेली."

मी ढिगाच्या तळातून पीस काढून तिच्या हातात दिला. तिनं तो परत माझ्यापुढं ठेवला. "आईच्या मापाचाच शिवा. घरात ठिवायचाय."

समोर एका नवरीची आई उभी होती. तिला थांबवून मी तो शिवायला घेतला. लेक स्टुलावर बसून बघत होती. तासाभरात झाला.

फक्त तासाभराचं काम होतं.

केवळ ओरडत नाही म्हणून तुमच्याकडे कुणाचं काम मागे पडलंय का?