यशवंतला धीर देताना

मी कारकून होतो त्या कचेरीतल्या जुन्या फायली मुदत संपली की जाळायच्या, असा नियम होता. ख्रिस्ती मंडळीचा चिटणीसही मीच, पण त्या पदाला असा नियम नाही. त्यामुळे तिथले किस्से साठतच गेले!

स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं. ठाण्यात आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे भाड्याची खोली, सहा बाकं आणि एक बाजाची पेटी. जवळच्या बाळकुम गावच्या हिराजी शेतकऱ्याच्या मुलाने, यशवंतने बाप्तिस्मा घेतला आणि बापाने त्याला घराबाहेर काढलं. पाळकसाहेब म्हणाले, "याला प्रेमाने स्थिर ठेवायचं!"

आम्ही वार वाटून घेतले. रोज संध्याकाळी एकाने त्याच्या खोलीवर जाऊन धीर द्यायचा. पहिल्याच आठवड्यात त्याची महिन्याची रेशनची साखर आमच्या चहात संपली.

"दादा, एखादा दिवस धीराशिवाय काढला तर चालेल का?" त्याने मला विचारलं.

*

सॅम्युएलकाका धीर द्यायला गेले आणि स्वतःचीच दुःखं सांगत रडू लागले. यशवंतने त्यांना पाणी पाजलं, समजूत घातली, हात धरून घरी पोचवलं.

काकांनी मला अहवाल दिला, "भेट उत्तम झाली. फार धीर आला!"

*

रूथबाईंचं मत, लग्न झालं की माणूस विश्वासात टिकतो. त्या एका दमात चार मुलींची माहिती घेऊन गेल्या.

"बाई, विश्वास टिकेल हो," यशवंत म्हणाला, "मी टिकलो पाहिजे!"

*

मग त्याच्या बहिणीचं लग्न निघालं. त्याला बोलावणं नव्हतं. हळदीच्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून बसलेला. पाळकसाहेबांनी त्याला त्यागावर तासभर सांगितलं. स्वतः साहेब वडिलांच्या घरात, आईच्या हातचं जेवून आलेले!

"साहेब, मला घरी जायचंय," तो एवढंच बोलला.

त्यानंतर तो उपासनेला येईना.

*

तिसऱ्या रविवारी, त्याच्याकडे कोणती समिती पाठवावी यावर आमचा वाद रंगात आला होता. तेवढ्यात दार उघडलं. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेला हिराजी आणि त्याने दंडाला धरून आणलेला यशवंत!

म्हाताऱ्याने त्याला पहिल्या बाकावर बसवलं.

"तीन आयतवार रस्त्यावरना बगतंय, यो काय दिसत नाय! आमाला सोरलंस ना? मंग हिकरं तरी नीट ऱ्हा!"

"हिराजीबाबा, तुम्हीही बसा ना," पाळकसाहेब चाचरत म्हणाले.

"नाय. माजी भाजी सुकंल."

आणि शेवटचं गीत संपेपर्यंत तो पाटीसकट खिडकीबाहेर उन्हात उभा होता.