फोनवर गप्प होणारी आई

रायपूर राजधानी झालं आणि वर्षा-दोन वर्षांत आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्यात उंच गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला. मी तेव्हा नव्या सरकारच्या एका कार्यालयात कारकून होते. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी गेले. आई दिवसभर घरी एकटी, म्हणून मी तिला मोबाइल घेऊन दिला. मोठ्या तोऱ्यात दिला.

तोरा आठवडाभर टिकला. शेजारच्या भाभींनी आईच्या मनात भरवलं की फोनच्या लहरी कानातून थेट मेंदूत जातात आणि मेंदू आतल्या आत शिजतो. आईनं त्यावर आपला तोडगा काढला. फोन रुमालात गुंडाळून धरायचा आणि थोड्या थोड्या वेळानं कान बदलायचा.

"पोळी शेकतेस का दोन्हीकडून?" मी चिडवलं.

"हास तू. मेंदू तं माह्या हाय न!" ती म्हणाली.

जेवणाच्या सुटीत मी तिला रोज फोन करायची. बोलता बोलता ती मधेच गप्प व्हायची. मी "हॅलो, हॅलो" ओरडायची आणि फोन कापून पुन्हा लावायची. कार्यालयात सगळेच ओरडायचे. आमचे बडे बाबू तर खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळून बोलायचे. दोष नेटवर्कचा, हे ठरलेलंच होतं.

एका दुपारी माझ्या एका हातात डबा होता, म्हणून फोन कापायचा राहिला. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग भाजीवाल्याची हाक. मग अगदी जवळून, ओठ चाटल्यासारखा चपचप आवाज. नेटवर्क होतं, आईच नव्हती. पाऊण मिनिटानं तिचा आवाज आला, "काहून फोन केला वं?" आम्ही तर तेव्हा चांगली पाच मिनिटं बोलत होतो.

भाभींना हसणारी मी, त्या संध्याकाळी मीच आईचा फोन काढून घेतला आणि कपाटात कुलपात ठेवला. माझ्याच हौसेनं तिचा मेंदू बिघडला, हे मनातून जाईना.

मी तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढायला सांगितला. डोक्याला तारा चिकटवायच्या, म्हणून केस धुऊन या आणि तेल लावू नका, असं बजावलं. आईनं केस धुतले. मी रिक्षा आणायला गेले तेवढ्यात तिनं चापून खोबरेल लावलं. कोरड्या, पिंजारलेल्या डोक्यानं परक्या माणसासमोर जाणं तिला जन्मात जमलं नसतं. तारा काही चिकटेनात. मी तिथंच तिच्यावर डाफरले.

आलेख काढणारी बाई छत्तीसगढी होती. तिची जेवायची वेळ झाली होती. आम्हाला पुढची तारीख देऊन ती सहज मोकळी झाली असती. पण तिनं आईचा हात धरला. "चल दाई, मूड़ धो देथंव." आणि खरंच बेसिनवर वाकवून, स्वतःच्या साबणानं दोनदा तिचं डोकं धुऊन दिलं, पुसलं, पंख्याखाली बसवून वाळवलं. आई लहान मुलीसारखी "हव, हव" करत बसली. त्या बाईचे आभारसुद्धा मी धड मानले नाहीत. आजही तिची आठवण आली की मन भरून येतं.

आलेख बघून डॉक्टरांनी सांगितलं, ही मिरगी आहे. या प्रकारात हातपाय झाडत नाहीत, माणूस फक्त काही क्षण हरवतो. मी धीर करून फोनचं विचारलं. "फोनच्या लहरींनी मेंदूच्या कामात बारीकसा फरक पडतो का, याचा शोध चालू आहे," ते म्हणाले, "आणि जे ठाऊक नाही ते मी सांगणार नाही. पण हे दुखणं फोनच्या कितीतरी आधीचं दिसतं. उलट फोन होता म्हणून तुम्हाला ऐकू आलं. तो त्यांना परत द्या. गोळ्यांनी हे आटोक्यात येईल."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. आई मात्र अजून डॉक्टरांकडेच बघत होती.

"कितीक वर्षांचं असन, डाक्टरसाहेब?"

"वीस वर्षांचंही असू शकतं."

"मंग दूध उतू जाये, भात करपे... थ्यात माह्यी चूक नव्हती?"

"नाही, आई. तुमची चूक नव्हती."

'ध्यान कुठं असतं तुझं?' आजी म्हणायची, बाबा म्हणायचे, आणि त्यांचं ऐकून मी शाळेत असल्यापासून म्हणत आले होते. आई माझ्याकडे वळली. "पाह्य वं, डाक्टर काय म्हणून राहिले."

आजी नव्हती, बाबा नव्हते. तिघांच्या वाटची माफी मी तिथंच, डॉक्टरांसमोर मागितली.