उंच धरलेलं दूध

पेडण्याच्या महिला मंडळाच्या नाटकांत मी नेहमी राणी व्हायचे. पणजीच्या हॉस्पिटलात मात्र माझ्या वाट्याला खांबाचं काम आलं.

मुलगा दिवस भरायच्या आधीच जन्मला. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायच्या, म्हणून नाकात नळ्या लावून त्याच्या श्वासाला आधार दिला होता. दूध तोंडाने पाजायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. इतक्या घाईने श्वास घेणारं मूल गिळायला गेलं, तर दूध फुप्फुसात उतरतं. मी वाटीत दूध पिळायचं, नर्सबाईंनी ते पोटात गेलेल्या बारीक नळीच्या सिरिंजमध्ये ओतायचं आणि मी ती सिरिंज उंच धरून उभं राहायचं. दाबायचं नाही, आपोआप उतरू द्यायचं. हात थरथरला की नर्सबाई म्हणायच्या, "खांब हालूंक लागलो."

नवरा खनिजाच्या बार्जवर, मोसमात त्याला रजा नाही. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. बाहेर कट्ट्यावर माणसं कोकणी-मराठीवरून तावातावाने भांडायची. मला भांडायलाही कोणी नव्हतं.

येणाऱ्या एकट्या सासूबाई. पेडण्याहून बस पकडून पेज घेऊन यायच्या. एके दिवशी त्यांनी पदराआडून मधाची बाटली काढली.

"पोराचो घसो सुकलो आसतलो गो. बोटभर चाटयतंय."

"नको आई. ठसका लागेल, श्वास अडकेल."

"तुझ्या घोवाकय मीच चाटयललंय."

"त्याचा परिणाम लग्नापासून बघतेच आहे की मी."

नर्सबाई हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. मध घेऊन बोट पुढे आलंच, तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं. सुनेने सासूचा हात धरायचा, तोही परक्यांसमोर! त्यांनी बाटली बंद केली, पेजेचा डबा उचलला आणि निघाल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्याही नाहीत. भेटीच्या वेळी इतरांकडे माणसं यायची, तेव्हा मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग करू लागले. ते मात्र मला छान जमायचं.

हळूहळू त्याचा श्वास संथ झाला. नळ्या निघाल्या. मग डॉक्टरांनी छातीशी घ्यायला सांगितलं. थोडं चोखलं की दूर करायचं, श्वास घेऊ द्यायचा, मग परत. पहिल्यांदा तो श्वास घ्यायचंच विसरला, ओठ निळसर झाले. नर्सबाईंनी त्याला झटकन सरळ धरलं आणि त्या दिवसापुरतं तेवढंच. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या नाकपुड्यांवरून नजर हलवली नाही. चोखलं, दूर केलं. तो चिडला, लालबुंद झाला, पण श्वास घेतला. पुन्हा चोखलं. घोट गिळल्याचा इवलासा आवाज आला.

कुणाला तरी सांगायला मी मान वळवली. नर्सबाई पलीकडे दुसऱ्या बाळाजवळ होत्या. सासूबाई बसायच्या ते बाजूचं स्टूल रिकामं होतं.

मग सगळी गोष्ट छातीशी धरलेल्या त्यालाच सांगितली. पहिल्यापासून, हातवारे न करता, आणि थोडी वाढवून.