खिडकीखालचा दोडका

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते शेंगा फोडायचं. भुईमुगाच्या, बियाणाच्या शेंगा. सकाळी चहा झाला, तिला उशांचा टेकू देऊन बसतं केलं, मांडीवर ताट ठेवलं आणि ताटात ओंजळभर शेंगा टाकल्या. तिची उजवी बाजू दोन वर्षांमागं लकव्यानं गेलेली. डाव्या हाताच्या अंगठ्यानं ती शेंग ताटाच्या काठावर दाबायची, टक् वाजायचं, दाणे सुटायचे. मी खाली पोत्यावर बसून दोन्ही हातांनी फोडत होतो, तरी फुटके दाणे माझ्याच ढिगात जास्त.

"आवं, डाळ करताय का बियाणं?" ती म्हणाली. लकव्यानं तोंड जरा वाकडं झालं होतं, शब्द जड यायचे. टोमणा मात्र सरळ यायचा.

"तुझं किती झालंय ते बघ आदी."

"माझं थोडं हाय, पर उगवंल."

पेरणी कोण करणार ते ठरलं नव्हतं. आमच्या दाराला बाहेरून बांबू आडवा बांधलेला होता आणि त्यावर सरकारी कागद चिकटवलेला. आत कुणी यायचं नाही, आतलं कुणी बाहेर जायचं नाही. कोरोनाचा पहिला उन्हाळा होता तो. पण बियाणाच्या शेंगा त्या दिवसांत फोडायच्या असतात, म्हणून आम्ही फोडत होतो.

आमचं गाव कुंडलच्या पलीकडं. नदीवरनं पाणी उचलून रानाला देणारी संस्था आहे, तिथं मी सारी उमर पाणी सोडायचं काम केलं. शाळा चौथीपर्यंत. मुलगा विट्याच्या माणसांबरोबर लांब दक्षिणेत गेला, सोनं गाळायच्या दुकानात आहे. बायको-पोरं तिकडंच. रस्ते बंद झाले तेव्हा तो तिकडं अडकला आणि आम्ही इकडं.

तिला लकवा झाला तेव्हापासून तालुक्याच्या सरकारी दवाखान्याची एक सोय आम्हाला मिळाली होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरी येऊन बघायचं. एक मावशी आठवड्यातनं तीनदा यायची, अंघोळ घालायची, कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, दोघी मिळून गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढायच्या. महिन्यातनं एकदा सिस्टर यायची, पाठ आणि टाचा तपासायची. पडून राहिलेल्या माणसाला तिथं जखमा होतात. मी तेवढा वेळ बाहेर कट्ट्यावर बसायचो. बायकांचं काम बायका करत होत्या.

मग एक दिवस सिस्टरचा फोन आला.

"आजोबा, वरनं हुकूम आलाय. आता घरोघर जायचं नाही. मावशी पण येणार नाहीत. घरातल्या माणसानंच सगळं करायचं, आम्ही फोनवरनं दाखवू. घरात कोण आहे?"

"मी हाय."

"आणखी कोण?"

"म्हैस हाय."

ती हसली, पण मी चेष्टा केली नव्हती. शेजारी पुतण्या आहे, त्याची बायको भाकरी द्यायची. पण तिचं पोर अंगावरचं, ती उंबऱ्याच्या आत यायला भ्यायची. तिचंही चूक नव्हतं.

मुलानं दिवाळीला मोठा फोन आणून ठेवला होता, तो बाहेर काढला. सिस्टर त्यातनं बघायची. "आजोबा, मला पत्रा दिसतोय. फोन खाली करा. आता तुमचं नाक दिसतंय." असं करत करत मी शिकलो. कूस कशी बदलायची, चादर माणूस न उचलता कशी काढायची, टाचेखाली गुंडाळलेलं फडकं कसं ठेवायचं. सरकारनं वाईट केलं असं मी म्हणणार नाही. फोनवरनं दाखवायचं ते त्याच हुकमात होतं. पण फोन ठेवला की खोलीत मी आणि ती. मला अंगावर पडलेलं काम टाकता येत नव्हतं आणि तिला माझा हात बाजूला करता येत नव्हता.

तिला सगळ्यात जड गेलं ते मी पाय धरणं.

"पाय सोडा. पाप लागंल मला."

"पाप-पुण्याचं कोरोना गेल्यावर बघू."

सिस्टरनं सांगितलं होतं, टाचा रोज बघायच्या, पोटऱ्या चोळायच्या. मी चोळायचो. ती भिंतीकडं तोंड करायची. झालं की डावा हात पुढं करून माझ्या गुडघ्याला लावायची आणि कपाळाला न्यायची. रोज. अंघोळीला, धुण्यापुसण्याला तर ती डोळेच मिटून घ्यायची. चाळीस-पन्नास वर्षं एका घरात काढली, पण अशा उजेडात आम्ही एकमेकांसमोर कधी आलो नव्हतो.

मलाही राग यायचा. कशाचा म्हणाल तर त्या चार भिंतींचा. सारा जन्म रानात गेलेला माणूस मी. कालव्याच्या कडेनं मैलभर चालल्याशिवाय मला भाकर गोड लागत नव्हती. आता कॉटपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून कॉटपर्यंत. जनावराला दावं तरी दिसतं.

उन्हाळा तापला. सिस्टर म्हणाली, आजीला पाणी भरपूर द्या, लघवीची जळजळ झाली तर ताप येईल, आणि आता ताप आला की न्यायला कोरोनाची गाडी येते. कॉट खिडकीला लागून होती. मी खिडकीत तांब्या आणि फुलपात्र ठेवायचो, डाव्या हाताला येईल असं. दिवस मावळायच्या आत तांब्या रिकामा. मी खूश.

सिस्टर फोनवर विचारायची, "आजोबा, लघवी कशी होते? रंग कसा आहे?"

तिच्यादेखत मी काय सांगणार? "तुमी तिलाच इचारा," म्हणून मी फोन तिच्या तोंडापुढं धरायचो.

"झ्याक हाय सगळं," ती म्हणायची.

पण धुणारा मी होतो. फडकी फार कमी निघत होती, आणि निघायची ती हळदीवानी पिवळी. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी मोरीत जाऊन, पाठ करून, हळू आवाजात सगळं सांगितलं. सिस्टर म्हणाली, "तांब्याभर पाणी पितात म्हणता, मग ते जातं कुठं?"

मी म्हणालो, "घाम जात असंल."

दुसऱ्या दिवशी शेणकुटं आणायला घरामागं गेलो आणि थांबलो. सगळं परडं करपून गेलेलं, कडुलिंबाखालची हराळी सुद्धा पांढरी. आणि आमच्या खिडकीखाली दोडक्याचा वेल, हिरवागार, पानं तळहाताएवढी. बियाला ठेवलेला दोडका तिनं मावशीकडनं खिडकीच्या गजाला टांगून घेतला होता, त्यातनं बी पडलं असणार. बी पडलं ते समजलं. पाणी कुठलं? खाली हात लावला. माती गार.

माझी नोकरी कसली होती ते सांगितलंच आहे. दुसऱ्याच्या पाळीत कुणी चोरून पाणी घेतलं तर मी बांधावरनं ओळखायचो. तसाच घरात आलो.

"पाणीचोर!"

तिनं बघितलं, मग तोंड फिरवलं.

"तांब्या खिडकीतनं वततीस व्हय गं?"

डाव्या हातानं पदर तोंडावर ओढला. मग म्हणाली, "प्यालं की हुतंय. झालं की तुमी धुताय. नवऱ्यानं धुवायचं, ही काय बाईमाणसाची गत हाय? त्यापरीस वेल तरी जगला."

"आन तू मेलीस तर?"

"तर सुटाल."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. पुतण्या भिंतीवरनं डोकावला, "काका, काय झालं?" म्हणाला, आणि मी त्यालाही शिवी दिली. मग दम लागून खाली बसलो. मला सुटायचं नव्हतं असं नाही. रोज सकाळी वाटायचं, दार उघडावं आणि कालव्यानं चालत सुटावं. पण तिला सोडून सुटायचं मनात कधी आलं नव्हतं, आणि ती तसं म्हणाली ते मला झोंबलं.

तीच म्हणाली शेवटी, "वरडून घसा सुकला असंल. तुमी तरी कुठं पाणी पिताय? सकाळपासनं च्यावर हाय."

"मी प्यालो तर तू पिशील?"

"माझ्या डोळ्यांम्होरं प्या. मग मी."

तसं ठरलं. एक फुलपात्र मी, एक ती. ती मला फसवू देत नव्हती. घोट बाकी ठेवला की "तळ दिसू द्या" म्हणायची. मी म्हातारा माणूस, मलाच दर घटकेला मोरीकडं पळावं लागायचं. ती हसायची. "बघा, आता कळलं का कसं असतंय?" मोरीतनं मी उत्तर द्यायचो, "माझं मी धुतोय, तुला कोण बोलावतंय?" सिस्टरला सांगितलं तर ती फोनमध्ये इतकी हसली की तिला मास्क खाली करावा लागला.

"आन वेलाला कोण घालणार?" तिनं एकदा विचारलं.

"तुझं तू पी. त्येचं मी बघतो."

तरी ताप आलाच. आधीचं कमी पाणी बाधलं असणार, सिस्टर तसंच म्हणाली. त्या दिवसांत ताप म्हणजे कोरोनाच धरायचे. आमच्या आळीतली एक म्हातारी तापानं फणफणलेली गाडीतनं नेली होती, एकटीच, सोबत कुणाला घेतलं नाही. परत आली ती नुसती खबर.

तिनं माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. "मला एकटीला धाडू नगा."

"न्हाई धाडत."

सिस्टरला मी सरळ सांगितलं, "गाडी धाडू नगासा. धाडली तर मी चाकाखाली पडंन."

"आजोबा, असं बोलू नका. मी विचारून सांगते."

तिनं कुणाकुणाला विचारलं मला माहीत नाही. पण दुपारी उलटा फोन आला. म्हणाली, नवीन ठरलंय, अंथरुणावरच्या माणसाला हलवायचं नाही. नाकातला नमुना घरीच घेणार, औषध घरी देणार, आणि रिपोर्ट येऊन पुढं सांगेपर्यंत घर बंद. "सोबत राहणारा एकच. एकदा आत राहिला की बाहेर नाही. कोण राहणार?"

"आजवर कोण ऱ्हायलंय?"

प्लॅस्टिकचे कपडे घातलेली दोन माणसं आली. नमुना घेतला, लघवीच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या. म्हैस पुतण्या सोडून घेऊन गेला. पोलीस पाटलानं दाराला बांबू आडवा धरला आणि काथ्यानं बांधला. बांधताना मान वर केली नाही. "तात्या, वरचं सांगणं हाय," म्हणाला. मी म्हणालो, "घट्ट बांध. सैल असलं तर मला मोह हुईल."

गोळ्यांनी ताप उतरला. भाकरी खिडकीतनं यायची. एक फुलपात्र मी, एक ती, आणि उरलेला तांब्या गजातनं हात घालून वेलाला. वेलाला आधार नव्हता, तो जमिनीवरच पसरत होता. ती कॉटवरनं मान वाकडी करून बघायची. "त्येला काठी द्या. फुलं मातीत कुजतील."

"बाहेर कसा जाऊ? दाराला बांबू हाय."

"मग तोच द्या," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं हसलो.

त्यानंतरच्या सकाळी शेंगा फोडल्या. दुपारी तिनं आमटीत कुस्करलेली अर्धी भाकरी खाल्ली, आपलं फुलपात्र प्याली, माझ्या फुलपात्राचा तळ बघितला आणि पडली. मी मोरीत भांडी घासत होतो. येऊन बघतो तर गेलेली. आवाज नाही, काही नाही. ताटातल्या टरफलांचा चुरा तिच्या बोटांना तसाच होता.

रिपोर्ट अजून आला नव्हता. मागाहून आला, तिला कोरोना नव्हता. पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून प्लॅस्टिकवालीच माणसं आली. मला धुऊ दिलं नाही. तिनं मला धुऊ नये म्हणून केवढा खटाटोप केला, आणि शेवटी धुवायला मिळालं नाही ते मलाच. मळवटाचं कुंकू पुतण्याच्या बायकोनं लांबनं टाकायला बघितलं, ते चादरीवर पडलं. बांबू सोडून तिला बाहेर काढलं, पुन्हा बांबू बांधला. मला म्हणाले, तुमचाही नमुना घ्यायचाय, तुम्ही आतच. पुतण्यानं अग्नी दिला. मुलानं फोनवर बघितलं. मी ते सुद्धा बघितलं नाही, कारण मोठा फोन पुतण्याच्या हातात होता. एकटीला धाडणार नाही म्हणालो होतो, आणि तिला नेताना मी दारात उभा.

सिस्टरचा फोन आला, माझ्या जुन्या बटणाच्या फोनवर. रडत होती. मग नाक ओढून म्हणाली, "आजोबा, विचारावंच लागतं. तुम्हाला ताप, खोकला?"

"न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मी उठलो. तांब्या भरला. फडताळातनं विळा घेतला, दार आत ओढलं आणि विळा बाहेर घालून काथ्या कापला. बांबू एका बाजूनं पडला, मग दुसरी बाजू कापली. कागद फाटला नाही, तो मी सोडवून उंबऱ्यावर दगडाखाली ठेवला. बांबू घेऊन घरामागं गेलो. खिडकीखाली पहारीनं खड्डा घेतला, बांबू रोवला, पत्र्यापर्यंत पोचला. वेलाचे शेंडे मातीतनं सोडवून एकेक वर घेतले आणि उरलेल्या काथ्यानं सैल बांधले. दोन फुलं आधीच कुजली होती. तांब्या मुळाशी ओतला.

तेवढ्यात पोलीस पाटील धावत आला. लांबच उभा राहिला.

"तात्या! बांबू कुठं हाय?"

"वेलाला लावलाय."

"आवं, मला वर काय सांगायचं? तुमी बाहेर आलाय!"

"आलोय ते जातो. तू दाराला काय बांधू नगंस. मी कुठं जातोय?"

मी मागच्या मागं घरात आलो, दार लोटलं, आणि पोत्यावर बसून राहिलेल्या शेंगा फोडायला घेतल्या. तिचे दाणे वेगळ्या वाटीत ठेवले.